बिरसीचे इमान

गोंदियाच्या आकाशाला विमानाचे अप्रूप राहिलेले नाही. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळ, बिरसीची धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक घडवले जातात. हवा निवळ असली की सकाळपासून छोटी छोटी विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागतात. रोवणी करणाऱ्या बायका आता मान वर करून बघतही नाहीत. शाळेतल्या पोरांना आवाजावरून विमान उतरते आहे की चढते आहे हे कळते. आणि तरीही या पोरांच्या घरातल्या बहुतेकांनी विमानात कधी पाऊल ठेवलेले नाही. डोक्यावरून रोज जाणारी वस्तू इतकी परकी असलेला दुसरा जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

धावपट्टी आजकालची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, १९९८ साली औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, २००५च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री होते; त्या वर्षांत बिरसीचे भाग्य पालटले. धावपट्टी लांबली, इमारती उठल्या, प्राधिकरण आणि कॅनडातली सीएई ही कंपनी यांनी मिळून प्रशिक्षण संस्था काढली. विमानतळासाठी घरेदारे सोडावी लागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. त्यावर एखाद्या रविवारी स्वतंत्र लिहायला हवे.

सामान्य उतारूला तिकीट काढून चढता येईल असे विमान यायला १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली ‘फ्लायबिग’ या कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा त्या दिवशी सुरू झाली. गंमत अशी, की त्या दिवशी एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप मिटलेला नव्हता. गावोगावच्या लाल गाड्या आगारात धूळ खात उभ्या होत्या. म्हणजे ज्या आठवड्यात गोंदियाहून हैदराबादला उडत जाण्याची सोय झाली, त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या खेड्यातून गोंदियाला यायला गाडी मिळेल याची खात्री नव्हती. विमानसेवेचे पुढे काय झाले? काही महिन्यांत ती बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ रोजी ‘इंडिगो’ची हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू झाली. मधल्या काळात इमारत होती, पहारेकरी होते, प्रवासी विमान तेवढे नव्हते.

आमच्या झाडीपट्टीतली जुनी माणसे विमानाला ‘इमान’ म्हणतात. विठोबाचा इठोबा होतो, विहिरीची इहीर होते, तसे विमानाचे इमान. ‘बिरसीले इमान आला म्हणते’ अशी बातमी त्या मार्चमध्ये गावोगाव फिरली. हा निव्वळ उच्चाराचा योगायोग आहे, हे मला कळते. पण तो शब्द ऐकल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. करोनात आडवा झालेला विमान व्यवसाय पुन्हा उभा राहिला. उभा राहताना त्याने नेमके कोणाशी इमान राखले?

ते दिवस आठवून पाहावेत. २५ मार्च २०२० पासून देशातली प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली. ती दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा उडाली तेव्हा पूर्वीच्या एक तृतीयांश फेऱ्यांनाच परवानगी होती आणि तिकिटाला सरकारने वरची आणि खालची मर्यादा घालून दिली होती. फेऱ्या पूर्ववत व्हायला ऑक्टोबर २०२१ आला, भाड्यावरची बंधने उठायला ३१ ऑगस्ट २०२२. परदेशची नियमित वाहतूक तर थेट २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. २०१९ मध्ये देशांतर्गत विमानांनी १४ कोटी ४१ लाख प्रवासी नेले होते. २०२० मध्ये ते ६ कोटी ३० लाखांवर घसरले. २०२३ मध्ये १५ कोटी २० लाख आणि २०२४ मध्ये १६ कोटींच्या वर गेले. आकड्यांपुरता विचार केला तर आजारी माणूस खडखडीत बरा झाला, एवढेच नव्हे तर वजनही वाढले. अर्थात सगळेच वाचले असे नाही. ‘गो फर्स्ट’ २०२३च्या मे महिन्यात बसली ती उठलीच नाही.

या काळात कंपन्यांनी सर्वांत जास्त जपले ते त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, इंग्रजीत ज्याला ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ म्हणतात त्याला. वारंवार उडणाऱ्याच्या नावावर मैल किंवा पॉइंट जमा करायचे, ठराविक मैल झाले की त्याला चांदीचे, सोन्याचे कार्ड द्यायचे, विमानतळावर वेगळ्या खोलीत बसवायचे, रांगेत पुढे घ्यायचे, हा प्रकार अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मोठ्या प्रमाणावर सुरू केला. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या तेव्हा रुजला. करोनात विमानेच उडेनात, तेव्हा या लोकांची सोन्याची कार्डे न उडल्यामुळे रद्द व्हायची पाळी आली. जगभरच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ताबडतोब मुदत वाढवून दिली. घरी बसलेल्या माणसाचा मान विमानतळावर अबाधित राहिला.

यात कंपन्यांचे सौजन्य किती आणि हिशेब किती, हे ओळखायला बँकेत नोकरी केलेली असावी लागते. मी ती केली आहे. ग्राहक मैल साठवतो तेव्हा त्याला वाटते आपण काहीतरी कमावले. कंपनीच्या वहीत ते देणे म्हणून लिहिलेले असते. थोडक्यात ती ठेव आहे. पण आमच्या बँकेतल्या ठेवीत आणि या ठेवीत एक मोठा फरक. आमच्याकडे कोणी शंभर रुपये ठेवले तर मॅनेजरच्या मनात आले म्हणून उद्या त्याचे ऐंशी होत नसत. मैलांचे होतात. काल दहा हजार मैलांना मिळणारे तिकीट आजपासून पंधरा हजारांना, असे एक पत्रक निघते आणि संपते. ठेवीवर विमा नाही, वर रिझर्व्ह बँक नाही, लोकपाल नाही. कित्येकांचे मैल वापराविना मुदत संपून जातात, तो कंपनीचा नफा. आणि आता हे मैल उडूनच मिळतात असेही नाही. कंपन्या ते बँकांना घाऊक भावात विकतात, बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना वाटतात. कंपनीला रोख पैसे आज मिळतात, विमानात जागा द्यायची ती कधीतरी.

हा धंदा किती मोठा आहे ते करोनानेच उघडे पाडले. २०२० साली अमेरिकेतली युनायटेड एअरलाइन्स पैशासाठी वणवण करू लागली तेव्हा तिने तारण म्हणून काय ठेवले? तिने आपली मैलांची योजना तारण ठेवून पाच अब्ज डॉलर उभे करायचे ठरवले. त्या योजनेची किंमत जी केली गेली ती कंपनीच्या सगळ्या शेअरांच्या तेव्हाच्या बाजारभावाहून किती तरी जास्त होती. पाठोपाठ डेल्टाने नऊ अब्ज डॉलर त्याच रीतीने उभे केले. मला तर हे वाचताना आमच्या भागातल्या सावकारीच्या गोष्टी आठवल्या. शेतापेक्षा शेताच्या आशेवर जास्त कर्ज मिळते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९च्या रात्री थांबली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, तिकीट काढलेल्यांचे पैसे अडकले होते, स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या बँकांची कर्जे बुडीत खात्याच्या दिशेने चालली होती. पण कंपनीची ‘जेट प्रिव्हिलेज’ ही मैलांची योजना वेगळ्या कंपनीत होती. ती जगली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने ‘इंटरमाइल्स’ असे नाव घेतले आणि खरेदीवर पॉइंट देत राहिली. विमान गेले, मैल उरले! मूळ कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

आता वर्षा-दोन वर्षांतून एकदा, किंवा आयुष्यातून एकदाच उडणाऱ्याकडे वळू. त्याचे काय झाले?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. २०२०च्या एप्रिलमध्ये नागपूरहून दिल्लीला आणि तिथून हरिद्वारला जायचे, अशी त्यांनी घरातल्या चौघांची जुळवणी केली होती. चौघांचाही पहिला विमानप्रवास. टाळेबंदी लागली, विमान रद्द झाले, ते साहजिकच होते. पैसे परत मागितल्यावर मात्र मोबाइलवर संदेश आला, की तुमची रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये सुरक्षित आहे. गुरुजींनी मला विचारले, हे शेल म्हणजे काय? मी सांगितले, शिंपला. त्यात आपला मोती आहे, पण उघडायचा अधिकार कंपनीला. पुढल्या प्रवासात ती रक्कम वापरा असा त्याचा अर्थ. जो माणूस महिन्यातून चारदा उडतो त्याला ही अडचण नव्हती, त्याचे पैसे कधी ना कधी वापरले गेले असते. ज्याला आयुष्यात एकदाच जायचे होते, ज्याच्या घरातली वडीलधारी माणसे त्या वर्षाच्या पलीकडे पोचतील की नाही हे ठाऊक नव्हते, त्याच्या दृष्टीने ही रक्कम गेल्यात जमा होती.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२०चा त्याचा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या, त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे लगेच परत करायचे. आधी काढलेल्या तिकिटांचे पंधरा दिवसांत. कंपनी खरोखरच अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत पैसे शिंपल्यात ठेवता येतील. पण त्यावर ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर दरमहा पाऊण टक्का वाढ द्यायची, शिल्लक दुसऱ्याच्या नावे करू द्यायची, आणि त्या तारखेपर्यंत वापरली गेली नाही तर रोखीने परत करायची. दरमहा पाऊण टक्का म्हणजे सालाला नऊ. त्या वर्षी मुदत ठेवीला एवढा दर देणारी मोठी बँक दिवा घेऊन शोधली असती तरी सापडली नसती. गुरुजींना हिशेब करून दाखवला तेव्हा ते प्रथमच हसले. त्यांचे पैसे मिळाले. उशिरा मिळाले आणि तोवर चौघांतले तिघेच राहिले होते.

म्हणजे एकाला न मागता मुदतवाढ मिळाली, आणि दुसऱ्याला स्वतःचेच पैसे परत मिळायला देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा निकाल लागला. कोणी म्हणेल, यात नवल ते काय? दुकानदारही रोजच्या गिऱ्हाइकाला चहा पाजतो. खरे आहे. पण नवख्याचे पैसे तो गल्ल्यात अडकवून ठेवत नाही.

त्याच मे महिन्यातली आणखी एक घटना इथे नोंदवली पाहिजे. २८ मे २०२० रोजी मुंबईहून रांचीला एक विमान गेले. त्यात सुमारे पावणेदोनशे मजूर होते, आणि तिकिटाचे पैसे बंगळूरच्या राष्ट्रीय विधि महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भरले होते. आम्ही गोंदियाकर तेव्हा देवरीकडच्या महामार्गावरून छत्तीसगडच्या दिशेने चाललेली माणसे पाहत होतो. डोक्यावर बोचके, काखेत पोर. रांचीचे ते विमान आणि देवरीचा तो रस्ता, दोन्ही एकाच महिन्यातले. त्या मजुरांपैकी कोणाच्या नावे मैल जमा झाले असतील असे वाटत नाही.

नुसता विमानवाल्यांनाच बोल लावून मोकळे होणे मात्र न्यायाचे नाही. गोंदियाचा खरा वारंवार प्रवासी रेल्वेत बसतो. तो पासधारक आहे, तो पहाटेच्या गाडीने नागपूरला नोकरीला जातो, तिरोड्याहून, तुमसरहून, आमगावहून ये-जा करतो. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मुंबईहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस या आमच्या इथे येऊन संपतात. आम्हाला त्यांचा घरच्या गाईगुरांसारखा लळा आहे. करोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुन्हा आल्या तेव्हा ‘स्पेशल’ होऊन आल्या, एक्स्प्रेसचे भाडे लावून. दहा रुपयांचे अंतर तीस रुपयांचे झाले आणि ते पूर्ववत व्हायला २०२४चा फेब्रुवारी उजाडला. ज्येष्ठांची सवलत तर २० मार्च २०२० पासून थांबवली ती थांबलेलीच आहे. साठीनंतरच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के मिळत असत. म्हाताऱ्यांनी विनाकारण प्रवास करू नये, असे तेव्हा कारण दिले गेले. साथ गेली, कारण गेले, सवलत परत आली नाही. विमानाच्या सोनेरी कार्डाला मुदतवाढ आणि म्हाताऱ्याच्या निम्म्या तिकिटाला कायमची सुट्टी, हे एकाच साथीचे दोन हिशेब आहेत.

आता पुन्हा बिरसीकडे येऊ. तिथे विमान आले ते ‘उडान’ योजनेमुळे, आणि ही योजना मुळात चांगली आहे हे आधी म्हटले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती जाहीर झाली, एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून पहिले विमान उडाले. लहान गावांच्या मार्गावर कंपनीने निम्म्या जागा बेताच्या भाड्यात द्यायच्या, सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये असे ते ठरले होते. तोटा येईल तो सरकारने तीन वर्षे भरून द्यायचा, त्यातला मोठा वाटा केंद्राचा, लहान राज्याचा. आणि पैसा कुठून? मोठ्या शहरांमधल्या फेऱ्यांवर आकार बसवून. म्हणजे दिल्ली-मुंबई करणाऱ्याच्या तिकिटातून गोंदियाच्या तिकिटाला हातभार. समाजवाद हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. तो हवेत पस्तीस हजार फुटांवर असा शिल्लक आहे.

पण योजना चांगली म्हणून पीक चांगले येतेच असे नाही. भारताच्या महालेखापालांनी २०२३ साली या योजनेचा अहवाल दिला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि सरकारी मदत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग किती? ५४. शेकडा सात. बँकेत असताना अशी कर्जवसुली कोणी दाखवली असती तर शाखाधिकाऱ्याची बदली कुठे झाली असती ते मी सांगत नाही. वाचकांपैकी काही जण त्या गावी राहत असतील.

दोष कोणा एकाचा नाही. लहान विमाने थोडी, ती चालवणाऱ्या कंपन्या अशक्त. एक विमान दुरुस्तीला गेले की चार गावांच्या फेऱ्या बंद. मोठ्या कंपन्यांना लहान गावात रस तेवढ्यापुरता. प्रवाशालाही मग सवय लागत नाही. विमान आठवड्यातून केव्हा येते, येते की नाही, हे ठाऊक नसेल तर शहाणा माणूस नागपूरहून तिकीट काढतो. गाड्या रिकाम्या म्हणून फेऱ्या कमी आणि फेऱ्या कमी म्हणून गाड्या रिकाम्या, हे रडगाणे एस.टी.च्या प्रत्येक आगारात पाठ आहे.

यावर उपाय नाही असे नाही. जुना आहे, एवढेच. १९७७ साली रिझर्व्ह बँकेने असा नियम केला होता, की जिथे आधीच बँका आहेत तिथे एक शाखा उघडायची असेल तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. १९९०च्या सुमारास तो सोडून दिला गेला. नियमाला आम्ही बँकवाले फार शिव्या घालत असू. पावसाळ्यात वाट नसलेल्या गावी कंदील लावून खतावण्या लिहिल्या आहेत. पण त्या नियमाने आलेल्या शाखा पुढच्या तिमाहीत उठून जात नव्हत्या. गावाला ठाऊक होते, ही राहणार. म्हणूनच म्हातारीने मडक्यातले पैसे आणून दिले. विमानांच्या बाबतीतही १९९४ साली असाच नियम झाला. फायद्याच्या मार्गांवर उडणाऱ्यांनी ईशान्येला, काश्मीरला, बेटांना आणि लहान गावांना ठराविक वाटा दिला पाहिजे असा. त्याचा धाक नीट राहिला नाही.

आणि त्याहून जुनी गोष्ट तर आमच्या विदर्भातलीच. १९४९च्या जानेवारीत नागपूरला रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास अशा चारी दिशांनी विमाने मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधे तिकीट लावलेले पत्रही वेगळा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. नुकते स्वतंत्र झालेले गरीब राष्ट्र, फाळणीच्या जखमा ओल्या, आणि त्याला असे वाटले की खेड्यातल्या माणसाच्या पत्राने उडावे. विमान ही श्रीमंताची चैन, हे आपण नंतर शिकलो.

गोंदियाला विमान हवे कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. धानाला भाव नाही, सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुरेसे नाहीत, एवढ्या पैशात किती एस.टी. गाड्या आल्या असत्या? नागपूर रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे, तिथे मोठा विमानतळ आहे. हे सगळे मान्य. पण माझ्या मते यात एक गोष्ट सुटते. आमच्या जिल्ह्यातली पोरे आता नागपूरला थांबत नाहीत. ती हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला आहेत. कोणी संगणकासमोर, कोणी बांधकामावर. घरी उरली आहेत म्हातारी माणसे.

आमच्याकडे अंत्ययात्रेला जाणे याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. लग्नाला पोचला नाही तरी चालेल, मातीला पोचला पाहिजे, असा रिवाज. करोनाच्या दोन वर्षांत किती मुलांनी बापाची माती मोबाइलच्या पडद्यावर पाहिली, याची गणती कोणी केली नाही. तेव्हा इलाज नव्हता. साथ संपल्यावर तरी असावा की नाही? हैदराबादहून रेल्वेने रात्रभर लागते, तेही जागा मिळाली तर. सकाळी निरोप आला आणि दुपारपर्यंत बिरसीला उतरता आले तर माती थांबते. विमानाचे मोल मी या हिशेबाने करतो. असा प्रवासी वारंवार प्रवासी होऊच शकत नाही. आईबाप एकेकदाच जातात. त्याच्यासाठी सोन्याचे कार्ड नाही, ऐनवेळचे तिकीट म्हणून त्यालाच सगळ्यांत महाग पडते.

डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, म्हणजे इंडिगोचीच, हजारो उड्डाणे वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपायी कोसळली, तेव्हा सरकारला भाड्यांवर पुन्हा मर्यादा घालाव्या लागल्या. म्हणजे मर्यादा घालता येतात. संकट मुंबई-दिल्लीवर आले की येतात. ज्या गावी दिवसाला एखादेच विमान येते तिथे त्याचे न येणे हे दर वेळी तेवढेच मोठे संकट असते, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. सरकारी मदत घेऊन जी कंपनी लहान गावी येईल तिने जाताना किमान तीन महिन्यांची नोटीस द्यावी. बँकेची शाखा हलवायची तरी ग्राहकांना आधी कळवावे लागते. तिकीट विकून फेरी रद्द केली तर शिंपला दाखवू नये, रोख परत करावी, आणि प्रवाशाला नागपूरला नेऊन पुढच्या विमानात बसवून द्यावे. अंत्यविधीला जाणाऱ्याला, मग तो मृत्यूचा दाखला नंतर का दाखवेना, दोन-चार जागा साध्या भाड्यात राखून ठेवाव्यात. तीन वर्षांनी मदत एकदम तोडण्याऐवजी ती उतरत्या पायरीने दहा वर्षे चालावी. झाडाला तिसऱ्या वर्षी फळ आले नाही म्हणून मोह कोणी तोडत नाही. आणि मैलांचे पॉइंट वाटणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ते बुडीत जमा करायची जी मुभा आहे, त्या बुडीत मैलांपैकी काही हिस्सा अशा मार्गांच्या निधीत टाकता येईल का, हेही कोणी बसून पाहावे. मला वाटते येईल. पण मी हिशेबनीस, कायदेपंडित नव्हे.

आणखी एक किरकोळ गोष्ट. विमानाच्या वेळेला धरून गोंदिया आगारातून बिरसीला एस.टी.ची गाडी हवी. पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यभर एस.टी. फुकट आहे, बायकांना निम्मे तिकीट आहे. म्हातारी आई हैदराबादच्या लेकाकडे निघाली तर निदान विमानाच्या दारापर्यंत तिला पैसे पडणार नाहीत.